आठांचा हिशोब

पेनसिल्व्हेनियातल्या त्या क्लबात मी नेमबाजी करायला जात नाही. माझ्याकडे पिस्तूल नाही आणि ते घ्यावे असे कधी वाटलेही नाही. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या आग्रहाखातर पहिल्यांदा गेलो आणि हळूहळू रविवारच्या ‘प्रॅक्टिकल शूटिंग’च्या, म्हणजे धावत-फिरत करायच्या पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धांमध्ये टार्गेटवरची भोके बुजवणारा हक्काचा माणूस होऊन बसलो. तपकिरी पुठ्ठ्यावर पडलेली भोके मोजून झाली की त्याच रंगाच्या चिकटपट्टीचे चौकोनी तुकडे त्यांवर लावायचे आणि पुढच्या स्पर्धकासाठी पुठ्ठा कोरा करून ठेवायचा, एवढेच माझे काम. त्या दिवशी मातीच्या तीन बांधांमध्ये बत्तीस गोळ्यांची लांबलचक मांडणी केलेली होती. सुरुवातीच्या मोकळ्या वेळात सगळे स्पर्धक रिकाम्या हातांनी, तर्जनी पुढे करून, आरतीचे शब्द विसरलेल्या माणसासारखे ओठ हलवत त्या मांडणीतून फिरत होते. त्यांत एक सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ होते. त्यांचे पिस्तूल एका रांगेच्या मॅगझिनचे, म्हणजे मुठीत बसणाऱ्या आठ काडतुसांच्या डबीचे होते. एका कोपऱ्यापाशी थांबून ते पुनःपुन्हा मागे जात आणि पावले मोजत. त्यांच्यामागून येणाऱ्या तरुणाच्या कमरेला दुहेरी रांगेचे, हातभर वाटावे इतक्या लांब मॅगझिनचे पिस्तूल होते. तो मनापासून, अगदी आपुलकीने म्हणाला, की तुम्ही स्वतःला ही शिक्षा कशासाठी करून घेता? गृहस्थ नुसते हसले आणि पुन्हा पावले मोजू लागले.

मला मात्र ते वाक्य पुढे कितीतरी दिवस टोचत राहिले. शिक्षा हा शब्द चुकीचा आहे हे कळत होते. पण का चुकीचा आहे, ते सांगता येत नव्हते.

आकडेमोड करून पाहिली, तेव्हा थोडेसे उमगले. नळीत एक आणि मॅगझिनमध्ये आठ, म्हणजे सुरुवातीला नऊ. मग आठ, आठ आणि आठ. तीनदा मॅगझिन बदलल्यावर हाती येतात तेहेतीस गोळ्या, आणि लागतात बत्तीस. अख्ख्या मांडणीत फक्त एक गोळी उधळण्याची मुभा. पोलादी पाट्या पडेपर्यंत माराव्या लागतात, त्यामुळे दोन पाट्या पहिल्या फटक्यात पडल्या नाहीत, की चौथ्यांदा मॅगझिन बदलावे लागते आणि मनात रचलेला सगळा क्रम मोडतो. तरुणाच्या मॅगझिनमध्ये अठ्ठावीस-एकोणतीस काडतुसे बसतात. त्याला एकदाच बदल करायचा असतो, आणि तो कुठे करायचा हे तो धावताना सोयीनुसार ठरवू शकतो. या खेळात मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात आणि येईल त्या आकड्यावर क्रम लावतात. स्थिर उभे राहून मॅगझिन बदलण्यात गेलेला सेकंद थेट भाजकात जातो. म्हणून आठवाल्याने बदल चालता चालता, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतच्या पावलांमध्ये लपवायचा असतो. ते गृहस्थ मोजत होते ती पावले हीच.

मोजण्याची सवय मला निराळ्या ठिकाणाहून लागलेली आहे. कोल्हापूरला महाविद्यालयात असताना एन. सी. सी.च्या शिबिरात आम्हांला पॉइंट टू-टू रायफल चालवायला मिळे. पाच काडतुसे हातावर मोजून ठेवली जात आणि फायरिंग संपल्यावर पाच पुंगळ्या तशाच मोजून परत घेतल्या जात. एखादी पुंगळी गवतात हरवली, तर साऱ्या तुकडीला गुडघ्यांवर बसवून ती शोधायला लावणारे उस्ताद मला अजून आठवतात. सकाळचे ओले गवत, सतरंजीला येणारा तेलाचा वास आणि मुठीत घामेजलेली पाच पितळी काडतुसे. पाचांपैकी तिसरे वाया गेले, की उरलेल्या दोहोंचे वजन वाढल्यासारखे वाटे. पुढे राही सरनोबत पंचवीस मीटरच्या पिस्तूल प्रकारात नाव काढू लागली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवले, तेव्हा तिच्याही स्पर्धेत पाच-पाच गोळ्यांच्याच फेऱ्या असतात हे पाहून उगाचच ओळखीचे वाटले होते. आपल्याकडे नेमबाजी म्हटले, की बालेवाडीची ती शांत, श्वास रोखलेली रांग डोळ्यांपुढे येते. धावत, वळत, मॅगझिन मातीत टाकत खेळली जाणारी ही अमेरिकी नेमबाजी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तिला खेळ म्हणावे की कवायत, हेच समजेना.

हा खेळ रीतसर सुरू झाला तो मे १९७६ मध्ये, मिसूरी राज्यातल्या कोलंबिया या गावी. नेमबाजीचे अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर हे त्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष. अचूकता, शक्ती आणि वेग या तिन्हींचा तोल साधणे हे ब्रीद ठरले, आणि त्यातल्या शक्तीवर कूपर यांची विशेष श्रद्धा होती. गोळीचे वजन ग्रेनमध्ये आणि वेग सेकंदाला फुटांमध्ये धरून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला हजाराने भागायचे. पूर्वी हा आकडा १७५ च्या वर गेला तर काडतूस ‘मेजर’ ठरे, नाही तर ‘मायनर’. टार्गेटच्या मधल्या भागाला दोघांनाही पाच गुण. पण बाहेरच्या भागांत मेजरला चार आणि दोन, तर मायनरला तीन आणि एक. या एका तरतुदीने केवढे काम केले पाहा. जास्त काडतुसांचे पिस्तूल ही काही नवी गोष्ट नव्हती. जॉन ब्राउनिंग यांनी ज्याचा आराखडा सुरू केला आणि त्यांच्या निधनानंतर द्यूदोने सेव्ह यांनी जे पूर्णत्वाला नेले, ते तेरा काडतुसांचे ‘हाय पॉवर’ १९३५ पासून जगभरच्या सैन्यांकडे होते. पण त्याचे नऊ मिलिमीटरचे काडतूस मायनर ठरत असल्यामुळे या खेळात त्याला मान नव्हता. मान होता तो त्याच ब्राउनिंग यांच्या जुन्या १९११ नमुन्याच्या, पॉइंट फॉर्टीफाइव्ह काडतुसाच्या, सात-आठ गोळ्यांच्या पिस्तुलाला. शक्तीला जादा गुण देणाऱ्या त्या नियमाने संख्येलाही आपोआप लगाम घातला होता.

आणि नियम गणिताच्या भाषेत लिहिला, की त्याची फोड करणारा कोणीतरी निघतोच. १९८० च्या दशकात रॉब लेदम आणि ब्रायन इनॉस या स्पर्धकांनी पॉइंट थर्टीएट सुपर हे १९२९ सालचे, बरेचसे मागे पडलेले काडतूस हाती घेतले. दोनशे ग्रेनच्या जाड गोळीला १७५ गाठायला सेकंदाला ८७५ फूट वेग पुरतो. तीच मजल १३० ग्रेनच्या बारीक गोळीने मारायची, तर १३५० फुटांचा वेग हवा. म्हणजे जास्त दारू आणि जास्त वायू. पण नळीच्या टोकाला वरच्या बाजूने खाचा असलेला कॉम्पेन्सेटर बसवला, तर हाच जादा वायू वर उसळतो आणि पिस्तुलाचे तोंड खाली दाबून धरतो. जे नुकसान वाटत होते तेच उपयोगी पडले, आणि शिवाय बारीक काडतूस असल्यामुळे त्याच मॅगझिनमध्ये एक-दोन गोळ्या जास्त बसू लागल्या. जागतिक स्पर्धा लेदम जिंकत गेले आणि त्यांच्यामागून सगळा खेळ त्या वाटेने निघाला. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला डग केनिग यांनी पिस्तुलावर लाल ठिपक्याची दुर्बीण लावून अजिंक्यपद मिळवले. त्याच सुमारास टोरांटो परिसरातल्या पॅरा-ऑर्डनन्स या कंपनीने १९११ नमुन्याची मूठ रुंद करून तिच्यात दुहेरी रांगेचे मॅगझिन बसवले. पॉइंट फॉर्टीफाइव्हची चौदा काडतुसे! मग टेक्सासमध्ये व्हर्जिल ट्रिप आणि सँडी स्ट्रेयर यांनी पोलादी सांगाड्याखाली प्लास्टिकची मूठ जोडून हातात नीट मावणारे ‘२०११’ घडवले, आणि एका रांगेच्या पिस्तुलांचे दिवस अव्वल स्पर्धांपुरते तरी भरले. एक गोळी चुकली तर चटकन दुसरी मारावी आणि पुढे जावे, असा हा नवा काळ होता.

त्या पिस्तुलांचा आवाज ऐकायचा नसतो, तो छातीवर घ्यायचा असतो. मी टार्गेट बुजवण्यासाठी बाजूला उभा असतो, तेव्हा ओपन, म्हणजे दुर्बीण आणि कॉम्पेन्सेटर चालणाऱ्या गटातल्या स्पर्धकाचा प्रत्येक बार कॉम्पेन्सेटरमधून बाजूलाही धडकतो. कानांवर जाड मफ असूनही दात किंचित सळसळतात, आणि कोरड्या दिवसांत नळीपुढची धूळ उडते. जुन्या पॉइंट फॉर्टीफाइव्हचा बार त्यामानाने ठोकळेबाज आणि जड असतो, आणि दोन बारांमध्ये ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. पितळी पुंगळ्या खडीवर पडण्याचा किणकिणाट मात्र दोन्हीकडे सारखाच. खरे सांगायचे, तर ओपन गटातला निष्णात माणूस पाहताना मीही भान हरपतो. पिस्तुलाचे तोंड हलतच नाही, ठिपका जणू खिळ्याला टांगलेला असतो आणि बारा टार्गेटे कधी संपली ते कळत नाही. त्या कौशल्याला नावे ठेवणे हा करंटेपणा होईल.

तरीही त्या यंत्राचा नाजूक भाग कोणता, हे तिथे वावरल्यावरच समजते. दुहेरी रांगेत नागमोडी बसलेली काडतुसे वरच्या तोंडापाशी एका रांगेत यावी लागतात. तिथे मॅगझिनच्या पत्र्याचे दोन ओठ असतात. ते केसभर उघडले, की काडतूस वर नाक करून अडकते, आणि आवळले गेले, की वेळेवर सुटत नाही. म्हणून ही मंडळी कॅलिपरने ओठांतले अंतर मोजतात, स्प्रिंगा बदलतात, प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालतात आणि रुसलेले मॅगझिन सरावापुरते बाजूला काढतात. मॅगझिनच्या लांबीलाही नियमाची पट्टी लागली: अमेरिकेत ओपन गटाला १७१.२५ मिलिमीटर आणि दुर्बीण व कॉम्पेन्सेटर न चालणाऱ्या लिमिटेड गटाला १४१.२५. पाव मिलिमीटरपर्यंत बांधलेली ही मुभा पाहून मला हसू आले होते. हवी तेवढी काडतुसे घ्या असे म्हणायचे आणि डबीचे माप मात्र सुईच्या टोकाने आखून द्यायचे.

उताराची कहाणी दोन ठिकाणी एकदम सुरू होते, आणि त्यातली पहिली जागा खेळाच्या मैदानावर नाहीच.

१३ सप्टेंबर १९९४ रोजी अमेरिकेत नवा संघीय कायदा लागू झाला आणि दहापेक्षा जास्त काडतुसांची नवी मॅगझिने सामान्य नागरिकांना विकायला बंदी आली. जुनी मॅगझिने वापरायला परवानगी होती, त्यामुळे ती जपून ठेवण्याची आणि चढ्या भावाने विकत घेण्याची वस्तू झाली. तिकडे मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत एका माणसाने सोळा लहान मुले आणि त्यांच्या शिक्षिका यांची हत्या केली. त्याच्याजवळची चारही पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे परवान्याची होती, आणि त्यांतली दोन ब्राउनिंगची नऊ मिलिमीटरची होती. पुढच्याच वर्षी ब्रिटनने खासगी हँडगन जवळपास संपूर्णपणे बंद केल्या. ज्या बिझ्लीच्या मैदानावर १९९३ ची जागतिक प्रॅक्टिकल स्पर्धा झाली होती, तिथे तो खेळ पिस्तुलाने खेळणे अशक्य झाले. मराठी वाचकाला बिझ्ली आठवेल ती दुसऱ्याच कारणाने. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतली नेमबाजी तिथे झाली आणि अंजली भागवत यांनी रायफलमध्ये चार सुवर्णपदके मिळवली. त्याच स्पर्धेतल्या पिस्तूल प्रकारांसाठी ब्रिटिश सरकारला कायद्यातून खास सवलत द्यावी लागली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात गोळीबार झाला आणि ऑस्ट्रेलियाने स्पर्धेच्या पिस्तुलांना दहा काडतुसांची आणि गोळीच्या व्यासाची मर्यादा घातली. केनिग जिथे जिंकले ते ॲडलेडही त्यात आले. कॅनडात दहांची मर्यादा १९९० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांतच आली होती, म्हणजे रुंद मुठीचे पिस्तूल ज्या देशात जन्मले, तिथेच त्याचे मॅगझिन भरून वापरता येईना. पुढे २१ ऑक्टोबर २०२२ पासून तिथे हँडगनची खरेदी-विक्रीच गोठवली गेली. ऑलिंपिक प्रकारांच्या खेळाडूंना त्यातून वाट ठेवली आहे, या खेळाच्या स्पर्धकांना नाही.

मला यात एका बाजूला नीट उभे राहता येत नाही. क्लबातली माणसे मी जवळून पाहिली आहेत. सुरक्षेचा नियम मोडला तर राष्ट्रीय विजेत्यालाही त्याच क्षणी घरी पाठवणारी आणि पावसात भिजत दुसऱ्याच्या पुंगळ्या वेचून देणारी अशी ती माणसे आहेत. त्यांच्या मॅगझिनच्या लांबीचा आणि डनब्लेनचा संबंध लावणे त्यांना अन्यायाचे वाटते, आणि ते मला समजते. पण ज्या कारणासाठी स्पर्धकाला मॅगझिन बदलण्याचा सेकंद वाचवायचा असतो, त्याच कारणासाठी शाळेतल्या मुलांना तो सेकंद मिळायला हवा होता, हेही डोक्यातून जात नाही. भोकांवर चिकटपट्टी लावताना टार्गेटचा आकार कशाचा आहे, याकडे मी सहसा पाहत नाही. पण तो माणसाच्या धडाचा आहे, हे हाताला माहीत असते.

दुसरा उतार आतून आला, आणि मला तोच जास्त विचार करण्याजोगा वाटतो. शर्यतीच्या पिस्तुलांवर खर्च वाढत गेला. दुकानातून आणलेले साधे पिस्तूल घेऊन येणाऱ्याला खेळात जागा राहिली नाही, आणि कूपर यांनाही हा खेळ वास्तवापासून दूर गेल्याचे दुःख होते. १९९६ मध्ये बिल विल्सन, केन हॅकथॉर्न आणि त्यांच्या सोबत्यांनी आय. डी. पी. ए. ही वेगळी संघटना काढली. तिथे पिस्तूल कपड्यांखाली झाकायचे आणि काडतुसे मोजूनच भरायची. मूळ खेळाच्या अमेरिकी संघटनेतही दहा काडतुसांचा लिमिटेड-टेन गट आला, मग साध्या पिस्तुलांचा प्रॉडक्शन गट आला आणि त्यालाही दहांचे बंधन घातले गेले. कायद्याची मुदत दहा वर्षांनी, १३ सप्टेंबर २००४ रोजी संपली आणि मोठी मॅगझिने देशाच्या बऱ्याच भागांत पुन्हा मुक्तपणे मिळू लागली. प्रॉडक्शन गटाने मात्र आपले दहा त्यानंतरही कित्येक वर्षे सोडले नाहीत. एका रांगेच्या पिस्तुलांचा स्वतंत्र गट तर कायदा गेल्यानंतर उभा राहिला. आंतरराष्ट्रीय संघटनेनेही क्लासिक गट काढला, मेजरला आठ आणि मायनरला दहा असा. कोणी सक्ती केलेली नसताना माणसांनी जुनी टंचाई परत मागून घेतली.

नियमपुस्तिकेत आणखी एक गोष्ट सापडली. अमेरिकेतल्या सर्वसाधारण मांडणीत एका जागी उभे राहून आठांपेक्षा जास्त गोळ्या लागतील अशी रचना करता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत हाच आकडा नऊ आहे. एकोणतीस काडतुसांचे पिस्तूल घेऊन आलेल्यालाही म्हणूनच दर आठांनंतर पाय उचलावे लागतात. माझ्या मते हा त्या जुन्या पिस्तुलाचाच ठसा आहे. गुणतक्त्याच्या वरच्या ओळींतून ते केव्हाच उतरले. पण बांधांमधली अंतरे, आडोशांच्या जागा, धावायची पावले सगळी त्याच्याच मापाने आखलेली आहेत. तरुण धावतो ते गृहस्थांच्या मॅगझिनच्या हिशोबाने. मग शिक्षा कोण भोगते? गृहस्थ त्यांच्या मापाने शिवलेल्या अंगरख्यात वावरत होते, आणि तरुणाला तो थोडा ढगळ होत होता, इतकेच.

त्याच क्लबात डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीचे स्पर्धक येतात. तिथे पंधरांची मर्यादा १९९० पासून होती आणि जून २०१८ मध्ये ती दहांवर आणण्याचा कायदा झाला. त्यामुळे ओपन गटाचे महागडे पिस्तूल, त्यावर चकाकणारी दुर्बीण, पुढे कॉम्पेन्सेटर आणि खाली दहा काडतुसांचे बुटके मॅगझिन असा अवतार घेऊन माणूस रेषेवर उभा राहतो. सुरुवातीला ते कुरकुरत. आता त्यांच्या पट्ट्यावर मॅगझिनांची ओळ लागलेली असते, आणि त्यांची बदलण्याची सफाई इतरांपेक्षा चांगली झाल्याचे पंचही मान्य करतात. कायद्याबद्दलचा त्यांचा राग मात्र तसूभरही कमी झालेला नाही, आणि हातांची सफाई वाढली म्हणून तो का कमी व्हावा?

जास्त काडतुसांचे पिस्तूल हरले, असे मात्र कोणी म्हणू नये. विशेष असे त्याचे काही उरले नाही, एवढेच. आज साध्या ग्लॉकमध्ये सतरा काडतुसे बसतात. मेजरचा उंबरठा अमेरिकेत १७५ वरून १६५ वर आला. लिमिटेड गटाचे लाडके पॉइंट फोर्टी काडतूस पोलिसांनी सोडून दिल्यावर तिथेही ओसरू लागले, आणि गर्दी ठिपक्याच्या दुर्बिणीच्या गटांकडे वळली. २०२३ मध्ये तर लिमिटेड ऑप्टिक्स हा नवा गट आला आणि दुहेरी रांगेचे ‘२०११’ नऊ मिलिमीटरचे काडतूस घेऊन पुन्हा रांगेत उभे राहिले. ते घडवणारी कंपनी आता स्टॅकाटो या नावाने ओळखली जाते आणि तिची पिस्तुले अमेरिकेतल्या अनेक पोलीस दलांनी कामासाठी मान्य केली आहेत. ज्याला खेळणे म्हणून हिणवत कूपर यांच्या पिढीने पाठ फिरवली होती, ते ठिपक्याच्या दुर्बिणीसह पोलिसांच्या कमरेला लटकते आहे, आणि कूपर यांचे कामाचे पिस्तूल रविवारच्या स्पर्धेत हौशी म्हाताऱ्यांच्या हाती उरले आहे. पुढच्या स्पर्धेसाठी मी नाव दिले आहे ते याच म्हाताऱ्यांच्या तुकडीबरोबर. त्यांच्या टार्गेटांवर भोके कमी असतात, आणि माझी चिकटपट्टी पुरते.